डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल चट्टा : एपिस्क्लेरायटिसचा माझा अनुभव

उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या बाजूला, एक लाल चट्टा आला. अख्खा डोळा लाल नाही, फक्त बुबुळाच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंत एक पट्टा, बाकी डोळा एकदम स्वच्छ पांढरा. आणि त्या लालीच्या मधोमध बारीकसा उंचवटा, डोळा मिटला की पापणी त्याच्यावरून घसरताना जाणवायची. घाण येत नव्हती, सकाळी पापण्या चिकटलेल्या नसायच्या, दिसायलाही नीट दिसत होतं. दुखतंय म्हणावं तर तसं दुखतही नव्हतं, थोडी चुरचुर आणि संध्याकाळपर्यंत डोळा जड जड, एवढंच.

घरच्यांनी बघितल्या बघितल्या निकाल दिला की डोळे आलेत, टॉवेल वेगळा ठेव. मी ठेवला, त्यात काही नुकसान नाही. पण डोळे येतात तेव्हा लाली पापणीच्या आतल्या बाजूला जास्त असते, पाणी किंवा चिकट घाण येते, खाज असते आणि बऱ्याचदा आज एक डोळा तर उद्या दुसरा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, चट्टा आपला जिथल्या तिथे आणि रोज थोडा जास्त लाल. मग नेत्रतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली.

मला वाटलेलं बॅटरी मारून बघतील आणि ड्रॉप्स लिहून देतील. झालं उलटंच, डोळ्याला हात लावायच्या आधी डॉक्टर मॅडमनी प्रश्नच एवढे विचारले की मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच खोलीत शिरले. दुखण्याने रात्री जाग येते का? दुखणं कपाळात, कानशिलात, जबड्यात जातं का? डोळा इकडेतिकडे फिरवला की दुखतं का? उजेड सहन होतो ना? इथपर्यंत ठीक. मग, सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का, आणि मोकळे व्हायला किती वेळ लागतो? कंबर? तोंडात सारखे छाले येतात का? अंगावर कसले चट्टे? पोटाचं जुनं दुखणं, शौचातून रक्त? नागीण झाली होती का कधी, घरात कुणाला टीबी? मी सगळ्याला नाही नाही म्हणत गेले आणि शेवटी विचारलंच की मॅडम, मी डोळा दाखवायला आलेय, हे पोटाचं काय मधेच. त्या हसल्या, म्हणाल्या, "थांबा, आधी बघू दे कुठल्या थरात आहे, मग सांगते."

थरात म्हणजे काय ते नंतर कळलं. आपल्याला जो डोळ्याचा पांढरा भाग दिसतो तो एकच पांढरा कागद नसतो. सगळ्यात वर एक पारदर्शक पातळ त्वचा असते, कंजंक्टायव्हा. डोळे येतात ते हिचं दुखणं. तिच्या खाली एपिस्क्लेरा, हा पातळ सैलसर थर, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. आणि त्याच्या खाली खरी पांढरी टणक भिंत, स्क्लेरा, जी डोळ्याचा आकार धरून ठेवते. ही भिंत मागच्या बाजूला साधारण 1 मिलिमीटर जाड असते आणि सगळ्यात पातळ जागी, म्हणजे डोळा फिरवणारे स्नायू जिथे चिकटतात तिथे, जेमतेम 0.3 मिलिमीटर. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही थरांची लाली लालच दिसते, पण मधल्या थराची सूज म्हणजे एपिस्क्लेरायटिस, जी बहुतेक वेळा आपोआप जाते, आणि खालच्या भिंतीची सूज म्हणजे स्क्लेरायटिस, जिच्यात नजर जाऊ शकते. मॅडम म्हणाल्या भिंतीवरच्या रंगाला पोपडा येणं वेगळं आणि भिंतीच्या आत ओल शिरणं वेगळं, तेव्हा मला पटकन समजलं.

आता तपासणी. आधी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, दोन्ही डोळे वेगवेगळे, नजर ठीक होती. मग मला खिडकीशी उभं केलं! मशीन वगैरे नाही, सरळ दिवसाच्या उजेडात, पापणी वर धरून, "खाली बघा, नाकाकडे बघा, आता कानाकडे." हे मला फार विचित्र वाटलं होतं पण त्याला कारण आहे. वरच्या थराची लाली गुलाबी-लालभडक दिसते, आणि भिंतीला सूज असेल तर रंगात निळसर जांभळी झाक येते, ती झाक मशीनच्या दिव्यात हरवते आणि नैसर्गिक उजेडात पकडता येते. एवढ्या यंत्रांच्या खोलीत सगळ्यात महत्त्वाचं काहीतरी खिडकीपाशी ठरतं हे मला भारी आवडलं, खरं सांगते.

मग स्लिट लॅम्प, म्हणजे हनुवटी टेकवून कपाळ पट्टीला लावून बसायचं ते मशीन. उजेडाची एक बारीक फट डोळ्यावर टाकतात आणि तिच्या वाकण्यावरून कुठला थर फुगलाय ते दिसतं. पिवळा रंग डोळ्यात घालून निळ्या उजेडात बुबुळावर कुठे ओरखडा, व्रण नाही ना ते बघितलं. डोळ्याचं प्रेशर मोजलं. बधिर करायचा थेंब टाकून कापसाच्या बोळ्याच्या काडीने त्या उंचवट्याला हळूच ढकललं, मला तर कळलंही नाही, तो जागेवरून सरकत होता. सरकतो म्हणजे तो भिंतीच्या वर आहे, भिंतीत रुतलेला नाही. पापणीवरून बोटाने दाबून बघितलं, तिथे मला जरासं टोचल्यासारखं झालं, ओरडण्यासारखं नाही.

आणि शेवटी ती थेंबाची टेस्ट. फेनिलेफ्रिन नावाचं औषध असतं, ते वरवरच्या रक्तवाहिन्या आवळतं. थेंब टाकून बाहेर बसवलं, दहा-पंधरा मिनिटांनी परत बोलावलं. चट्टा जवळजवळ गायब! मी आरशात बघून खूशच झाले, म्हटलं हेच द्या ना मला बाटली भरून. मॅडम म्हणाल्या हे औषध नाही, ही परीक्षा आहे. मधल्या थरातल्या रक्तवाहिन्या या थेंबाने फिक्या पडतात, खोल भिंतीजवळच्या पडत नाहीत, त्यामुळे चट्टा फिका पडला म्हणजे सूज वर आहे. थेंबाचा असर उतरला की लाली परत येणार. आलीच, घरी पोचेपर्यंत. वर बाहुली मोठी झाल्यामुळे जवळचं धूसर दिसत होतं आणि उन्हात डोळे उघडवत नव्हते, तेव्हा अशा तपासणीला जाताना कुणालातरी सोबत न्या आणि गॉगल जवळ ठेवा.

निदान, नोड्युलर एपिस्क्लेरायटिस. नोड्युलर म्हणजे गाठीवाला. दुसरा प्रकार साधा, नुसती लाली, तो लवकर बरा होतो, आठवड्या दोन आठवड्यात. गाठीवाला जरा रेंगाळतो आणि दुखतोही थोडा जास्त.

उपचार ऐकून मात्र माझा विरस झाला. थंड पाण्याच्या पट्ट्या आणि कृत्रिम अश्रू, बिनप्रिझर्वेटिव्हचे, दिवसातून चार-पाच वेळा. बस. अँटिबायोटिक नाही कारण जंतूच नाहीत. कुणाला लागणार नाही, टॉवेल परत एकत्र. एवढ्या तपासणीनंतर माणसाला काहीतरी कडक औषध हवं असतं, पण बरं होणारच आहे तर औषधाने काय होणार, फक्त औषधाचे त्रास. लाली घालवायचे म्हणून जे ड्रॉप्स सहज मिळतात ते टाकू नका असं बजावून सांगितलं, कारण ते रक्तवाहिन्या आवळून डोळा तात्पुरता पांढरा करतात आणि सोडले की लाली उलट जास्त उसळते, मग माणूस परत टाकतो, असं चक्र. कॉन्टॅक्ट लेन्स बंद.

पुढचे दिवस कंटाळवाणे. लाल डोळा घेऊन कामावर गेलं की जो भेटेल तो आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग विचारतो काय झालं. रडलीस का, झोपली नाहीस का, स्क्रीन कमी बघ. मी सुरुवातीला सगळ्यांना थर वगैरे समजावायचे, मग नुसतं "संसर्गजन्य नाही" एवढंच म्हणायला लागले. एक काम मात्र चांगलं केलं, रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून, फ्लॅश न लावता डोळ्याचा फोटो काढून ठेवला. आरशात रोज बघून काही कळत नाही, रोज वाटतं वाढलंय. फोटो ओळीने लावले की स्पष्ट दिसत होतं, आधी कडा फिक्या झाल्या, मग गाठ चपटी झाली, सगळ्यात शेवटी मधली लाली गेली.

रोज डोळा बघायची सवय लागल्यावर एक वेगळीच पंचाईत झाली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मला नवेनवे डाग दिसायला लागले. डाव्या डोळ्यात नाकाकडच्या बाजूला बुबुळाला लागून एक पिवळट ठिपका. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला एक राखाडी बिंदू. बुबुळाच्या कडेने तपकिरी झाक. इंटरनेटवर फोटो जुळवत बसले तर रात्रभर झोप नाही आली, तिथे प्रत्येक ठिपका कॅन्सरच असतो. पुढच्या वेळी फोटोंसकट यादीच घेऊन गेले.

पिवळा ठिपका म्हणजे पिंग्वेक्युला. ऊन, वारा, धूळ यांनी वरच्या त्वचेखालचे तंतू खराब होऊन असा किंचित उंच पिवळसर ठिपका होतो, बहुतेक नाकाकडच्या बाजूला, वयाबरोबर भरपूर लोकांना असतो. त्याचा कॅन्सर होत नाही. कधीकधी तो कोरडेपणाने चिडतो, लाल होतो, तेव्हा लोकांना वाटतं नवीन काही उगवलं. तिथूनच मांसासारखा पडदा बुबुळावर चढायला लागला तर त्याला टेरिजियम म्हणतात, आपण डोळ्यात मांस वाढलं म्हणतो ते, तो मात्र दाखवत राहायचा कारण बुबुळावर फार पुढे आला तर नंबर बदलतो, नजर अडते. राखाडी बिंदूचं ऐकून तर मजाच वाटली, तो डाग नव्हेच, एक मज्जातंतू भिंतीतून वर डोकावून परत आत जातो, त्याचं वळण, ॲक्सनफेल्ड लूप म्हणतात. जन्मभर तिथेच होता, मीच कधी बघितलं नव्हतं. तपकिरी झाक सावळ्या वर्णाच्या लोकांत नेहमीची, दोन्ही डोळ्यांत असते. पण मॅडम म्हणाल्या, मोठेपणी एकाच डोळ्यात नवीन तपकिरी डाग आला, किंवा जुना पसरायला लागला, जाड झाला, त्याच्याकडे मोठ्या रक्तवाहिन्या जाताना दिसल्या, तर वाट बघायची नाही, तिथे खरंच मेलानोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरची, शंका असते आणि तुकडा काढून तपासतात. लहान मुलांच्या डोळ्यावर फेसासारखा पांढरट कोरडा डाग दिसला तर ते व्हिटॅमिन ए कमी असल्याचं लक्षण असू शकतं, बिटो स्पॉट म्हणतात, तोही लगेच दाखवायचा.

पहिली खेप ओसरली. काही महिन्यांनी परत आलं, या वेळी डावा डोळा, आणि जरा जोरात. चुरचुर नाही, दुखणंच. हे परत येणं नेहमीचं आहे हे आधी सांगितलेलं होतं तरी मी घाबरले कारण दुखण्याची जात वेगळी वाटली. परत सगळी तपासणी, परत खिडकी, परत तो थेंब. फिका पडला, पण पहिल्याइतका झटकन नाही. रात्री जाग येत होती का? नाही. जबड्यात दुखणं जातं का? नाही. म्हणजे स्क्लेरायटिस नाही, पण लवकर परत दाखवायला बोलावलं.

हे रात्रीचं दुखणं त्या इतक्यांदा का विचारतात ते त्या दिवशी नीट समजलं. स्क्लेरायटिसचं दुखणं आतून पोखरल्यासारखं, ठणकणारं असतं, पहाटे झोपेतून उठवतं, कपाळ-जबड्यापर्यंत पसरतं, डोळा फिरवला की वाढतं, पापणीवरून हात लावू देत नाही, आणि साध्या गोळीने दबत नाही. त्याच्यावर थेंब पुरत नाहीत, सूज कमी करणाऱ्या पोटातून घ्यायच्या गोळ्या, नाहीतर स्टेरॉइड, आणि तरी ऐकलं नाही तर मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात. दुखणं आणि लाली या लक्षणांना दोन अपवाद आहेत आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटतात. एक, सूज डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर समोरून डोळा पांढराच दिसतो, फक्त दुखतं आणि नजर कमी होते, तिथे सोनोग्राफी करावी लागते. दुसरा, बरीच वर्षं संधिवात असलेल्या लोकांत भिंत न दुखता, न लाल होता पातळ होत जाते, आणि आतला गडद थर दिसायला लागल्यामुळे पांढऱ्या भागावर निळसर-काळपट डाग दिसतो. तिथे दुखत नाही म्हणून बसून राहिलं तर डोळा फुटू शकतो. म्हणजे लाली किती आहे यावरून काहीच ठरत नाही. सगळ्यात भयानक दिसणारा लाल डोळा बऱ्याचदा सगळ्यात किरकोळ असतो.

दुसऱ्या खेपेला सौम्य स्टेरॉइडचे थेंब दिले, फ्लुओरोमेथोलोन. दुसऱ्याच दिवशी आराम पडला, आणि हीच त्याची अडचण आहे, एवढं छान वाटतं की माणूस एकदम सोडतो किंवा महिनोनमहिने टाकत राहतो. एकदम सोडलं तर सूज उसळून येते म्हणून दिवसातून चारदा, मग तीनदा, असं उतरवत आणायचं. आणि जास्त दिवस टाकलं तर काही लोकांत डोळ्याचं प्रेशर चढतं, ते आपल्याला जाणवत नाही, त्यातून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणून मधे प्रेशर तपासायला बोलावलं होतं, माझं ठीक निघालं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही, कडू चव लागत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं सोडायची. हे कागदावर कुणी लिहून देत नाही, मी विचारलं म्हणून कळलं.

आणि रक्ताच्या तपासण्या. पहिल्या खेपेला केल्या नव्हत्या, साध्या एका झटक्याला सहसा करत नाहीत. परत आलं म्हणून आता यादी, सीबीसी, ईएसआर, सीआरपी (रक्तपेशी आणि अंगातली सूज बघायला), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (संधिवातासाठी), एएनए, एएनसीए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का बघायला), युरिक ॲसिड, सिफिलिसची टेस्ट, टीबीसाठी छातीचा एक्स-रे, आणि लघवी. यादी बघून पोटात गोळा आला. सिफिलिसचं वाचून तर मी लॅबमध्ये कागद घडी घालूनच पुढे केला, पण ती टेस्ट कुणाच्या चारित्र्याबद्दल नसते, तो आजार डोळ्यात कुठल्याही रूपात येऊ शकतो आणि औषधाने बरा होतो म्हणून बघतात. लघवी कशाला तर ज्या आजारांत रक्तवाहिन्यांना सूज येते त्यात किडनीलाही धक्का बसतो, लघवीत प्रोटीन किंवा रक्त दिसतं. सांध्यांचे, पोटाचे प्रश्न का विचारले त्याचाही उलगडा झाला. ढोबळमानाने एपिस्क्लेरायटिसच्या तीनातल्या एकाला आणि स्क्लेरायटिसच्या निम्म्या लोकांना शरीरात दुसरीकडे काहीतरी चालू असतं, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो एक आजार), आतड्याची सूज, असं. कधीकधी डोळाच आधी सांगतो. माझे रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. कारण सापडलं नाही. बहुतेकांचं सापडत नाहीच, आणि रिपोर्ट चांगले आल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला मग झालं कशाने अशी चुटपुट लागून राहिली, माणसाचं पण काही खरं नाही.

त्यानंतरही मधूनमधून एखादा पट्टा लाल होतो. हलका असेल तर थंड पट्ट्या आणि अश्रूचे थेंब, फोटो काढायचा, वाट बघायची. उजेड टोचायला लागला, धूसर दिसलं, किंवा दुखण्याने जाग आली तर त्याच दिवशी डॉक्टर, हे पक्कं ठरलेलं आहे.

स्टेरॉइडची उरलेली बाटली मी टाकून दिली. एकतर फोडल्यावर महिनाभराने तसंही टाकायची असते, आणि दुसरं म्हणजे घरात ठेवली की पुढच्या लाल डोळ्यात जाते, तो डोळा कुणाचाही असो. हर्पीसचा विषाणू असेल तर त्याच थेंबाने बुबुळावरचा व्रण पसरतो. ताईचा फोन आलाच होता, तिचा डोळा अर्धा रक्तासारखा लाल झालेला, "तुझे ते ड्रॉप्स आहेत का ग, दे ना पाठवून." मी म्हटलं नाहीत, आणि असते तरी दिले नसते, तू जाऊन दाखव. ती रागावली, पण गेली. तिचं हे नव्हतंच, वरच्या त्वचेखाली एक बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त पसरलेलं, दुखणं शून्य, औषध काही नाही, पंधरा दिवसांत आपोआप गेलं. पण तिथे बीपी मोजलं ते वाढलेलं निघालं, नंतर दोन-चारदा मोजूनही वाढलेलंच, आता त्याच्या गोळ्या सुरू आहेत.